रात्रभर चार्ज केलेले सेल अर्ध्या तासात बसतात तेव्हा काय काय तपासायचं

बडोद्यात नवरात्राच्या चौथ्या-पाचव्या रात्रीपर्यंत माझ्याकडे कुणा ना कुणाचा कॅमेऱ्याचा फ्लॅश येऊन पडतोच. तुळशीचं लग्न लागलं आणि लग्नसराई सुरू झाली की पुन्हा तेच. आणणारा सांगतो, ‘दादा, फ्लॅश गेला.’ फ्लॅश क्वचितच गेलेला असतो. गेलेला असतो त्यातल्या चार पेन्सिल सेलपैकी एक, आणि त्याला मारणारा चार्जर घरी हिरवा दिवा लावून बसलेला असतो. लोक मात्र फ्लॅश विकायला काढतात किंवा जास्त एमएएच (मिलिअॅम्पियर-तास, म्हणजे सेलमध्ये किती चार्ज मावतो तो आकडा) लिहिलेले नवे सेल आणतात. पुढच्या हंगामात तक्रार तीच.

म्हणून ही सगळी तपासणी एकदा लिहून ठेवतो. हे चार पेन्सिल सेलवर चालणाऱ्या फ्लॅशबद्दल आहे. ट्रिगरलाही, म्हणजे लांबचा फ्लॅश बिनतारी पेटवणाऱ्या डबीलाही, बरंचसं लागू पडतं. कॅमेऱ्याच्या चपट्या बॅटरीबद्दल शेवटाकडे थोडं लिहिलंय.

लक्षणं

तुमचं लक्षण यातलं कोणतं ते आधी ओळखा, कारण प्रत्येकाची वाट वेगळी आहे.

- पहिले काही फोटो झकास येतात, मग तयार असल्याचा दिवा लागायला आठ-दहा सेकंद लागतात आणि मधल्या फ्रेम काळ्या येतात.
- चार्जरने ‘फुल’ दाखवलं, पण फ्लॅश चालू करताच बॅटरीचं चिन्ह रिकामं.
- फुल चार्ज करून कपाटात ठेवले होते, पंधरा दिवसांनी काढले तर मेलेले.
- तेच सेल भिंतीवरच्या घड्याळात नाहीतर टीव्हीच्या रिमोटमध्ये मजेत चालतात, फ्लॅशमध्ये मात्र मान टाकतात.
- फ्लॅश हलवला, कॅमेरा उभा धरला की फ्लॅश बंद होतो आणि पुन्हा आपोआप चालू होतो.
- वापरल्यावर सेल काढले तर तीन कोमट, एक चांगलाच गरम.

चौथ्या लक्षणाने लोक सगळ्यात जास्त फसतात. घड्याळाला लागणारा करंट अगदी नगण्य. फ्लॅशमध्ये मात्र एक कॅपॅसिटर, म्हणजे चार्ज साठवून एकदम सोडणारा भाग असतो, तो प्रत्येक फोटोनंतर साधारण ३०० व्होल्टपर्यंत भरावा लागतो आणि ते भरताना सेलमधून काही अॅम्पियर ओढले जातात. सेल जुना झाला की त्याचा आतला रोध वाढतो. समजा फ्लॅश ५ अॅम्पियर ओढतोय. सेलचा रोध ०.०३ ओहम असेल तर १.२ व्होल्टमधले ०.१५ आतच जिरतात, १.०५ हाती राहतात. तोच रोध ०.१५ ओहम झाला की ०.७५ व्होल्ट जिरतात आणि हातात उरतात ०.४५. सेलमध्ये चार्ज आहे, पण तो वेगाने बाहेर येत नाही. म्हणून ‘घड्याळात चालतो म्हणजे सेल चांगला’ हा दाखला माझ्यापुढे चालत नाही.

साध्या अल्कलाइन सेलचंही हेच. वर १.५ व्होल्ट लिहिलेलं असतं म्हणून ते चार्जिंगच्या १.२ व्होल्टवाल्या निकेल-मेटल हायड्राइड सेलपेक्षा दमदार वाटतात, पण ओढ बसली की त्यांचा व्होल्टेज लवकर खाली येतो. निकॉनच्या एसबी-९१० फ्लॅशच्या मॅन्युअलमध्ये फुल पॉवरनंतर पुन्हा तयार व्हायला अल्कलाइनवर सुमारे ४ सेकंद आणि निकेल-मेटल हायड्राइडवर सुमारे २.३ सेकंद दिलेत. दीड व्होल्टवाला हरतो, तो असा.

१. सेल सोडा, आधी सेटिंग बघा (खर्च शून्य)

गरब्याच्या मैदानावर वर छत नसतं, असतं ते आकाश. तरी फ्लॅशवर पांढरी प्लास्टिकची टोपी चढवून, तोंड वर करून मारणारे दर वर्षी दिसतात. लग्नाच्या हॉलमध्ये छतावरून उजेड परत येतो, आकाशातून काही येत नाही. फ्लॅश बिचारा ऑटोवर असतो, त्याला विषय अंधारात दिसतो, तो दर वेळी फुल पॉवर ओततो. आणि फुल पॉवरचं गणित सोपं आहे: चार सेलच्या मोठ्या फ्लॅशच्या मॅन्युअलमध्ये एका चार्जवर साधारण २०० च्या आगेमागे फुल पॉवरचे फ्लॅश दिलेले असतात. चणियाचोळीच्या एका घेरावर आठ फ्रेम टाकणाऱ्याचे हे दोनशे किती वेळ पुरणार?

फ्लॅश मॅन्युअलवर घ्या, पॉवर १/४ किंवा १/८ ठेवा, आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील तो आकडा) ४०० असेल तर १६०० करा. आयएसओ चौपट झाला की तेवढ्याच उजेडाला चौथाई पॉवर पुरते, म्हणजे तेच सेल साधारण चौपट फोटो देतात. मैदानावर हॅलोजन नि एलईडीचा उजेड असतोच, तो वापरा. आणि हाय स्पीड सिंक, म्हणजे फार वेगवान शटरबरोबरही फ्लॅश चालवणारी सेटिंग, रात्री बंद. सकाळच्या हळदीला, उन्हात १/२००० वर त्याची गरज पडते आणि तो पॉवर खातो. रात्रीही तो चालू राहून गेलेला मी अनेकांच्या फ्लॅशवर पाहिलाय.

इथेच एक गोष्ट वेगळी काढा. लागोपाठ फुल पॉवर मारल्यावर फ्लॅश स्वतः तापतो आणि स्वतःला वाचवायला मुद्दाम संथ होतो. काही फ्लॅशवर थर्मामीटरचं चिन्ह येतं. तेव्हा नवे सेल घातले तरी फरक पडणार नाही. दहा-पंधरा मिनिटं थांबा.

२. दुसऱ्याचे सेल घालून बघा (खर्च शून्य, थोडा संकोच)

ज्याचा फ्लॅश व्यवस्थित चालतोय अशा मित्राचे चारही सेल तुमच्या फ्लॅशमध्ये घाला, तुमचे त्याच्यात. दोघांनी फुल पॉवरवर वीस वेळा मारा. रखडणं तुमच्या सेलबरोबर त्याच्या फ्लॅशमध्ये गेलं, तर तुमचा फ्लॅश निर्दोष. रखडणं तुमच्याकडेच राहिलं तर पुढची तिसरी तपासणी करून थेट सातव्यावर जा. ही अदलाबदल न करता लोक फ्लॅश उघडायला निघतात. अर्धी शंका इथे दोन मिनिटांत मिटते.

३. टोकं आणि झाकण (खर्च: एक खोडरबर)

सेलचं वरचं बोंड उजेडात तिरकं धरून बघा. चकचकीत हवं. त्यावर करडी, धुरकट साय दिसली तर ती शाळेच्या साध्या खोडरबराने घासा, मग कोरड्या सुती फडक्याने पुसा. घाम लागलेल्या बोटांनी रात्रभर सेल बदलले की ही साय चढते. तिने रोध थोडाच वाढतो, पण चार सेलची आठ टोकं आणि फ्लॅशच्या आतल्या पट्ट्या मिळून तो जाणवण्याइतका होतो.

आता फ्लॅशच्या आत बघा. स्प्रिंगवर पांढरी नाहीतर हिरवट पूड दिसली तर तिथे कधीतरी अल्कलाइन सेल गळलाय. त्यातून येतो तो पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा क्षार, म्हणून त्यावर आंबट चालतं: कानकाडीच्या टोकाला लिंबाचा रस किंवा व्हिनेगर अगदी थोडं लावून पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, आणि तासभर उघडं वाळू द्या. हे करताना सेल बाहेर हवेत, फ्लॅश बंद हवा आणि रस आत ओघळता कामा नये. स्प्रिंगच गंजून पातळ झाली असेल तर सोडून द्या, ते काम कारागिराचं.

फ्लॅश उभा-आडवा करताना बंद पडत असेल तर झाकण दाबून धरून तीच हालचाल करा. बंद पडणं थांबलं तर झाकणाची खुंटी झिजलीय. आणि सेलवर नावाचं स्टिकर किंवा सेलोटेप गुंडाळू नका. पेन्सिल सेलचा व्यास जास्तीत जास्त १४.५ मिलिमीटर धरलेला असतो, जाड झालेला सेल खणात अडकून बसतो आणि बोंड पट्टीपर्यंत पोचत नाही. खूण करायला कायमच्या शाईचा मार्कर पुरे.

४. सेलवर काय लिहिलंय ते वाचा (खर्च शून्य)

चष्मा लावून वाचा. एमएएच सोडून बाकी सगळं आधी वाचायचं.

*व्होल्टेज.* १.२ लिहिलं असेल तर निकेल-मेटल हायड्राइड, हवं तेच. ३.७ लिहिलं असेल तर तो १४५०० नावाचा लिथियम-आयन सेल. आकार हुबेहूब पेन्सिल सेलचा, टॉर्चवाल्यांकडे सहज मिळतो. असे चार घातले तर सहाऐवजी पंधरा-सोळा व्होल्ट जातात आणि फ्लॅश खरोखरच जातो. घालण्याआधी हा आकडा बघणं एवढाच त्यावर उपाय.

*१.५ व्होल्ट आणि बाजूला यूएसबीचं भोक.* हेही लिथियमच, आत एक छोटं सर्किट व्होल्टेज दीडवर धरून ठेवतं. माऊसला, खेळण्याला उत्तम. फ्लॅशसाठी मी घेत नाही. आतलं सर्किट ठराविक करंटच्या पुढे देत नाही, आणि संपताना हे सेल पूर्वसूचना न देता एकदम बंद होतात. यांच्यावर बरेचदा एमएएचऐवजी एमडब्ल्यूएच (मिलिवॅट-तास, म्हणजे एमएएच गुणिले व्होल्ट) लिहितात. ३००० एमडब्ल्यूएच वाचून हरखू नका. दीडने भागा, २००० एमएएच होतात.

*आकडा फुगवलेला आहे का.* या आकाराच्या निकेल-मेटल हायड्राइड सेलमध्ये २५००-२७०० एमएएचच्या वर काही खरं बसत नाही. ३५००, ४८०० असे आकडे छापलेले सेल स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवा. २००० चा खरा सेल २६-२७ ग्रॅम भरतो, २५०० चा ३० च्या आसपास. वीस ग्रॅमच्या सेलमध्ये ४८०० मावत नाहीत. छापखान्यात मात्र मावतात.

*चारही एकाच कंपनीचे, एकाच आकड्याचे, एकाच वेळी घेतलेले आहेत का.* नसतील तर बहुधा तुमचा दोष इथेच सापडला. चार सेल एकामागोमाग जोडलेले असतात. त्यातला एक आधी रिकामा झाला की उरलेले तीन करंट ढकलतच राहतात आणि तो चौथा उलटा चार्ज होऊ लागतो. तो तापतो, दर वेळी आणखी दुबळा होतो, आणि पुढच्या वेळी आणखी लवकर रिकामा होतो. ‘एक सेल गरम’ हे लक्षण त्याचंच.

घरोघरी हे कसं होतं तेही सांगतो. ट्रिगरचे दोन संपले, फ्लॅशच्या डबीतले दोन काढले. मुलाच्या खेळण्यातले दोन परत त्या डबीत आले. चार सेल आहेत म्हणजे सेट आहे, असं सगळे धरून चालतात. मार्करने क१, क२, क३, क४ आणि ख१ ते ख४ असं लिहा. क चे चार कायम एकत्र वापरायचे, एकत्र चार्ज करायचे. ट्रिगरला वेगळे दोन. घरच्यांना सांगून ठेवा की अक्षर लिहिलेल्या सेलला रिमोटसाठी हात लावायचा नाही.

५. दुबळा सेल शोधा (खर्च: मल्टीमीटर आणि एक रेझिस्टर)

नुसतं मल्टीमीटर लावून सेल ‘चांगला’ ठरवणारे पुष्कळ आहेत. या सेलचा व्होल्टेज बराच काळ १.२ ते १.३ च्या मध्ये सपाट राहतो. भरपूर भरलेला आणि अर्ध्याहून रिकामा सेल मीटरवर जवळपास सारखेच दिसतात. त्याला काम द्यावं लागतं.

इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांच्या दुकानातून १ ओहम, ५ वॅटचा पांढरा सिमेंट रेझिस्टर घ्या, काही रुपयांत मिळतो. चारही सेल चार्ज करून तासभर ठेवा. मग एकेक सेलच्या दोन टोकांना रेझिस्टर दहा सेकंद धरा आणि त्याच वेळी सेलवरच मीटर लावून आकडा कागदावर लिहा. सव्वा अॅम्पियरच्या आसपास करंट वाहतो, रेझिस्टर कोमट होतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. मात्र तारेचा तुकडा लावून सेल शॉर्ट करायचा नाही, आणि हा प्रयोग कॅमेऱ्याच्या लिथियम बॅटरीवर करायचा नाही.

मी एकेका आकड्यापेक्षा चौघांमधली तफावत बघतो. १.२४, १.२३, १.२४ आणि १.०७ असं आलं तर चौथा दोषी. चारही १.१ च्या खाली असतील तर सगळा सेट म्हातारा झालाय किंवा चार्जच झालेला नाही, आणि त्यासाठी पुढची तपासणी आहे.

मीटर नसेल तर: फ्लॅश रखडू लागला की लगेच सेल काढून हातात घ्या. वेगळा तापलेला सेल सापडला तर त्याच्यावर खूण करा. दोन-तीन वेळा तोच निघाला तर शंका राहत नाही.

एकच दुबळा निघाला की त्याच्या जागी एक नवा घालण्याचा मोह होतो. तो नवा बाकी तिघांपेक्षा सरस असतो, मग त्या तिघांपैकी कुणीतरी सगळ्यात दुबळा ठरतो. फ्लॅशसाठी चारही नवे घ्या. उरलेले तीन चांगले घड्याळाला, माऊसला, दिवाळीच्या दिव्यांच्या माळेला जाऊ देत, तिथे ते आरामात चालतात.

६. चार्जर (खर्च: लागलाच तर नवा चार्जर)

आता खरा गुन्हेगार. सेलच्या पाकिटाबरोबर फुकट आलेला चार्जर हातात घ्या आणि दिवे मोजा. खण चार आणि दिवे दोन किंवा एकच असेल तर तो बहुधा जोडी-जोडीने चार्ज करतो. जोडीतला एक आधी भरला तरी दुसऱ्यासाठी त्याच्यातून करंट जातच राहतो. काही चार्जर तर नुसत्या घड्याळावर चालतात: आठ तास झाले, दिवा हिरवा. आत गेलेला सेल अर्धा भरलेला होता की पूर्ण रिकामा, याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. अर्धे भरलेले सेल शिजतात, मोठे सेल अर्धवट राहतात, दिवा दोघांसाठी हिरवाच. दुसरं लक्षण आठवतंय ना, ‘फुल’ दाखवून फ्लॅशमध्ये रिकामे? ते हेच.

चांगला चार्जर प्रत्येक खण वेगळा बघतो. हा सेल पूर्ण भरला की त्याचा व्होल्टेज वाढायचा थांबून काही मिलिव्होल्टने घसरतो. चार्जर ती घसरण ओळखतो आणि थांबतो. करंट फार कमी असला तर ती घसरण इतकी पुसट होते की हुकते, म्हणून ‘जितकं हळू तितकं चांगलं’ हे अशा चार्जरला लागू नाही. २००० एमएएचच्या सेलला ५०० ते १००० मिलिअॅम्पियर ठेवा. पंधरा मिनिटांत चार्ज करणारे चार्जर सेल भाजून काढतात, ते अडीनडीला ठीक. चार्जिंगच्या शेवटी सेल कोमट होणं स्वाभाविक आहे. हातात धरवत नसेल इतका गरम होणं मुळीच नाही.

आणि आपल्याकडचा उन्हाळा विसरू नका. मे महिन्यात बडोद्याचा पारा चाळिशी ओलांडतो, गच्चीवरची खोली त्याहून तापते. तिथे, किंवा गरम इन्व्हर्टरच्या डोक्यावर ठेवून, किंवा ऊन खाणाऱ्या गाडीत चार्जर लावला तर सेल नीट भरत नाहीत, त्यांचं आयुष्य मात्र घटतं. खालच्या खोलीत, फरशीवर, पंख्याखाली ठेवा. बॅटऱ्या गाडीच्या डिकीत दिवसभर ठेवायच्या नाहीत.

चार्जरवर ‘रिफ्रेश’ असेल तर वर्षात एकदोनदा, हंगामाच्या आधी, तो चालवा. तो सेल रिकामा करून पुन्हा भरतो, दोन-तीन फेऱ्यांत सुस्तावलेले सेल बरेच सावरतात, आणि पडद्यावर खरी क्षमता दिसते. लिहिलेल्याच्या ८० टक्क्यांच्या खाली आलेला सेल मी फ्लॅशमधून काढतो. मात्र जुन्या निकेल-कॅडमियमच्या काळातला सल्ला ऐकून सेल टॉर्चमध्ये रात्रभर जाळून ‘पूर्ण रिकामे’ करू नका. एकामागोमाग जोडलेले सेल असे निपटून काढले की वर सांगितलेलं उलटं चार्जिंगच होतं.

७. बरेच महिने न वापरलेला फ्लॅश

पावसाळाभर कपाटात पडलेला फ्लॅश नवरात्रात काढला की पहिल्यांदा तयार व्हायला फार वेळ घेतो. आतला कॅपॅसिटर वापराविना सुस्तावतो. चांगले सेल घाला, दिवा लागू द्या, काही मिनिटं तसाच ठेवा, मग सावकाश, अर्धा-अर्धा मिनिट थांबत, फुल पॉवरवर दहाएक वेळा मारा. वेळ कमी-कमी होत गेला तर झालं. पुढच्या वर्षी महिन्यातून एकदा असं केलं की हा त्रासच होत नाही. आणि ठेवताना सेल बाहेर काढून ठेवा.

नवे घ्यायचेच ठरले तर

पाकिटावर ‘प्री-चार्ज्ड’ किंवा ‘रेडी टू यूज’ असं लिहिलेले निकेल-मेटल हायड्राइड सेल घ्या. याचा अर्थ ठेवल्या ठेवल्या त्यांचा चार्ज फार हळू उतरतो. सान्योने २००५ मध्ये एनेलूप बाजारात आणले तेव्हापासून ही जात रूढ झाली. आज ते नाव पॅनासॉनिककडे आहे आणि इतर कंपन्याही असे सेल करतात. जुन्या पद्धतीचे सेल महिन्याभरात बराच चार्ज गमावतात, कपाटातले सेल पंधरा दिवसांनी मेलेले निघतात ते त्यामुळे.

२००० की २५००? हा प्रश्न हमखास येतो. माझं उत्तर २०००. एनेलूपच्या साध्या सेलसाठी कंपनी २१०० वेळा चार्ज होण्याचा दावा करते, जास्त क्षमतेच्या प्रोसाठी ५०० वेळा. लग्नाचं काम करणारा वर्षभरात किती वेळा चार्ज करतो याचा हिशेब तुम्हीच करा. पाव क्षमता जास्त मिळवण्यापेक्षा दुसरा सेट खिशात ठेवलेला बरा. अंतरपाट धरलेला असताना, शेवटच्या मंगलाष्टकाच्या आधी, सेल बसण्याची वाट न बघता सेट बदलून मोकळं व्हायचं. ‘सावधान’ झालं, पाट खाली आला, अक्षता हवेत आहेत, आणि तुमच्या पाच फ्रेममध्ये फक्त व्हिडिओवाल्याच्या दिव्याचा पिवळा उजेड, असं व्हायला नको. तो क्षण भटजी तुमच्यासाठी पुन्हा करत नाहीत.

पैसे मोजकेच असतील तर आधी चार्जर घ्या, मग सेल. हे उलटं करणाऱ्यांचेच सेल पुढच्या वर्षी माझ्याकडे येतात.

महिन्यात चार-पाच लग्नं करत असाल तर सरळ लिथियम बॅटरीचा फ्लॅश बघा. गोडॉक्सच्या व्ही१ बरोबर ७.२ व्होल्ट, २६०० एमएएचची बॅटरी येते आणि कंपनी एका चार्जवर फुल पॉवरचे सुमारे ४८० फ्लॅश सांगते. उणीव एवढीच की ती बॅटरी संपली तर रात्री अकराला पानाच्या गल्ल्यावर तशी दुसरी मिळत नाही. पेन्सिल सेल मिळतात.

कॅमेऱ्याच्या बॅटरीबद्दल

इथे तपासणी थोडकी आहे. कॅननच्या बऱ्याच बॉडींत बॅटरीची माहिती उघडली की तीन चौकोनांत तब्येत दिसते, निकॉनच्या बऱ्याच बॉडींत ० ते ४ असं वय दिसतं, ४ म्हणजे निवृत्ती. नावं सारखी असली तरी आकडे बघा: कॅननचीच एलपी-ई६एन बॅटरी १८६५ एमएएचची आहे, तर एलपी-ई६एनएच २१३० ची. इतर कंपन्यांच्या स्वस्त बॅटऱ्या चालतात, पण काही कॅमेऱ्याशी बोलत नाहीत. चिन्ह भरलेलं दाखवता दाखवता बंद होतात. मुख्य कामाला मूळ कंपनीची, राखीव म्हणून दुसरी, असं मी ठेवतो. महिनाभर वापरायची नसेल तर अर्धी भरलेली ठेवा, आणि विमानाने जाताना सुट्या बॅटऱ्या झाकण लावून हातातल्या बॅगेत.

फुगलेली बॅटरी म्हणजे तिथेच थांबा. खणात घट्ट बसायला लागली, टेबलावर ठेवली की डुगडुगते, तर ती चार्ज करायची नाही, दाबायची नाही, टोचायची नाही. टोकांना टेप लावून ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या, घरच्या केरात टाकू नका.

इथे हात आवरा

फ्लॅशचं आवरण कधीही उघडू नका. सेल काढले तरी आतल्या कॅपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या घरातला चार्ज बराच वेळ राहतो आणि त्याचा झटका जीवघेणा ठरू शकतो. यूट्यूबवर बघून स्क्रू ड्रायव्हरने तो ‘उतरवणारे’ आहेत. त्यांच्या नादी लागू नका. पुढचं काही दिसलं तर सेल काढा आणि फ्लॅशदुरुस्ती रोज करणाऱ्याकडेच न्या:

- खात्रीचे सेल घालूनही दिवा लागतच नाही, किंवा आतून शिट्टीसारखा बारीक आवाज येत राहतो आणि फ्लॅश पेटत नाही.
- जळका वास, किंवा बंद असतानाही सेलचा खण गरम.
- आत पाणी गेलं. गरब्याच्या मैदानावर अवकाळी पाऊस नवा नाही. सुकवून चालू करून बघण्याचा मोह टाळा.
- गळलेल्या क्षाराने स्प्रिंग किंवा पट्टी खाल्ली आहे, किंवा पूड खणाच्या पलीकडे आत गेलेली दिसते.
- चांगला सेट घातला की काही मिनिटांत चारही सेल सारखेच कडक तापतात.

दुरुस्तीला देताना सेल काढून द्या आणि सोबत एक चिठ्ठी द्या: कोणते सेल घालून बघितले, दुसऱ्याच्या सेलवर काय झालं, रेझिस्टर लावून आलेले चार आकडे, आणि फ्लॅश शेवटचा नीट कधी चालला. कारागीर तुमचे सेल बदलायला सांगून पहिला दिवस घालवणार नाही. खर्चाचा अंदाज नव्या फ्लॅशच्या किमतीच्या अर्ध्यावर गेला तर दुरुस्ती करू नका.